तारीख टाक, मग रड

मला 'गणित' अशी हाक मारणारी जगात एकच बाई होती. शाळेत रुजू झाले त्या दिवशी सकाळी नांदेडच्या स्टँडवर नायगावकडं जाणाऱ्या गाडीत चढले. तिसऱ्या बाकावर एक उंचनिंच बाई बसली होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तीही साधी नव्हे, सुतार लोक फळीवर रेघ मारायला वापरतात ती चपटी, लाल. माझ्या हातातली ऑर्डर बघून तिनं विचारलं, "आमच्याच शाळंत का? काय शिकवतीस?"

मी म्हटलं, "गणित."

"बस मग गणित. खिडकी तुझी. मला वारं लागतं."

झालं. शाळेत पुढची सतरा वर्षं आणि त्यानंतरही मी गणितच राहिले. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव वाचून ती खरोखर म्हणाली होती, "अगं, ही कोण?" ती सुमन पांचाळ. पोरींची पांचाळ मॅडम, माझी सुमनताई. पहिलं वर्षभर मी तिला अहो-जाहो केलं. मग एक दिवस ती वैतागून म्हणाली, "तुम्ही तुम्ही करून राहिलीस, मी काय तपासणीला आलेय का?" तेव्हापासून तू.

वडील बिलोलीचे सुतार. पेन्सिल त्यांची. ती झिजली की सुमनताई बाजारातून तसलीच दुसरी आणायची, पण म्हणायची मात्र "बापाची पेन्सिल". मराठी शिकवायची. आवाज भसाडा, त्यामुळे कविता म्हणायची वेळ आली की वर्गातल्या गोड गळ्याच्या पोरीला उभं करायची आणि स्वतः दाराशी जाऊन डोळे मिटून ऐकायची. बाक हलत असला तर शिकवणं थांबवून आधी त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची. डब्यात बारा महिने ज्वारीची भाकरी आणि कारळ्याची चटणी. ती चटणी ती मला न विचारता वाढायची आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायची.

आणि तिला तारखेचं वेड होतं. फळ्यावर तारीख नसेल तर ती शिकवायला सुरुवातच करायची नाही. पोरगी रडत आली, मग मार्क कमी पडलेले असोत, पैंजण हरवलेलं असो, घरी मार खाल्लेला असो, सुमनताई तिच्या पुढ्यात वही सरकवायची आणि म्हणायची, "तारीख टाक, मग रड."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे दगडाच्या काळजाचं वाटलं. मी तसं बोललेही. ती म्हणाली, "नुसतं रडलेलं वाळून जातंय गं. तारीख टाकलेलं राहतंय."

हे वेड तिला लागलं एका ज्यू पोरीपायी.

ती पोरगी आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. दूर युरोपात, महायुद्धात, घरच्यांबरोबर दोन वर्षं लपून राहिली. दिवसा पायाचा आवाज करायची सोय नाही, खिडकीतून डोकवायची सोय नाही. त्या कोंडीत तिनं रोजनिशी लिहिली. शेवटी सगळे पकडले गेले, आणि छावणीत ती गेली, वयाची सोळा वर्षंही पुरी न करता. घरातला बाप तेवढा वाचला आणि त्याच्या हातात लेकीची वही आली. सुमनताईला ती रोजनिशी मराठीत मिळाली ती नांदेडला, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची काही पानं नाहीत. तिनं ती गाडीत वाचायला घेतली आणि तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती भलतंच.

"गणित, त्यांच्या लपायच्या जागंला दार न्हवतं. पुस्तकाचं कपाट हुतं. ते सरकवलं की आत वाट."

"मग?"

"मग ते कपाट कोण्यातरी सुतारकाम येणाऱ्यानं केलं असंल ना? त्याला ठाव हुतं आत कोण हाय ते. लोकांत उठत-बसत असंल, पण तोंड उघडलं न्हाई त्यानं. केवढा मोठा माणूस!" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कपाट असं करावं."

जगानं त्या पुस्तकातून काय काय घेतलं असेल, पण कपाट करणाऱ्यावर जीव टाकणारी सुताराची लेक एवढी एकच.

त्या वर्षी तिनं नववीच्या पोरींना ती रोजनिशी वाचून दाखवली. अभ्यासक्रमात नव्हती, मधल्या सुट्टीनंतरच्या ऑफ तासाला, रोज थोडी थोडी. ज्यू म्हणजे काय, हे आमच्या पोरींना ठाऊक असायचं कारण नव्हतं. एकीनं विचारलं, "मॅडम, ती आपल्यासारखीच हुती का? मग तिला कामून लपावं लागलं?" सुमनताईनं तिला इतिहास सांगितला नाही. म्हणाली, "घरी जाऊन इचारा. तुमच्या पणज्या रझाकाराच्या वक्ताला कुठं लपल्या हुत्या?"

दुसऱ्या दिवशी वर्गात गोष्टींचा पाऊस. कोणाची पणजी धान्याच्या पेवात दोन दिवस बसली होती, डोक्यावर फळी आणि फळीवर कडबा. कोणाची उसात. मी दारातून ऐकत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची शबाना उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमची दादीकी अम्मी बी लपली हुती. पन नंतर. मिलिट्री आल्यावर." निजामाचं राज्य गेल्यावर लपायची पाळी त्यांच्यावर आली होती. कोणाला कुठं बघावं कळेना.

सुमनताई म्हणाली, "लिही. दादीला तारीख ठाव असली तर तारीख बी लिही."

"तारीख ठाव न्हाई मॅडम."

"कोणालाच ठाव न्हाई बग," सुमनताई सगळ्या वर्गाला म्हणाली. "पेवात बसलेलीला न्हाई, उसातल्या बाईला न्हाई, तुझ्या दादीच्या आईला न्हाई. बाया लपल्या, बाहेर निघाल्या, भाकरी थापाया लागल्या. त्या दूरदेशीच्या पोरीनं तेवढी तारीख टाकली. म्हणून आज नायगावच्या शाळंत बसून आपण तिच्यासाठी डोळे पुसून राहिलो."

आणि दुसऱ्या दिवसापासून नववीच्या वर्गात रोजनिशी सुरू झाली. शंभर पानी वही, रोज निदान चार ओळी.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. शाळेत आधीपासून एक डायरी होतीच, गृहपाठाची. तिच्यावर पालकांची सही आणायची असते. पोरींना वाटलं हीही तसलीच. एक पोरगी मोठ्या ऐटीत रोजनिशीवर वडिलांची खूण घेऊन आली. पानावर लिहिलं होतं, 'आज बाबा पिऊन आले आणि आईचं ताट फेकून दिलं.' आणि त्याखाली ठसठशीत निळा अंगठा. बापाला वाचता येत नव्हतं. लेकीनं शाळेचं काम म्हणून वही पुढं केली, त्यानं कौतुकानं अंगठा उठवला.

मी हसून हसून बेजार झाले. सुमनताई हसली नाही. त्या अंगठ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं नियम केला. रोजनिशी कोणी वाचायची नाही. बाप नाही, भाऊ नाही, आणि मॅडम तर नाहीच. मॅडम फक्त तारीख बघणार. पोरीनं वही उघडायची, लिहिलेल्यावर स्वतःचा पंजा ठेवायचा, वरची तारीख तेवढी उघडी. मॅडम शेजारी हिरव्या शाईनं सही करणार.

हिरवी शाई म्हणजे साहेब लोकांची, यावरून मी तिला छळायची. ती म्हणायची, "लाल चुकांची, निळी पोरींची. मला राहिली हिरवी."

सकाळी पहिल्या तासाआधी व्हरांड्यात पोरींची रांग लागायची. मेंदीचे, शाईचे, शेणाचे पिवळट डाग पडलेले पंजे वहीवर दाबलेले. सुमनताई मान तिरकी करून, नजर नुसती तारखेवर ठेवून सही करायची. एखादीचा हात निसटला तर दटावायची, "झाक गं, मला दिसलं न पाहिजे." पोरी सुरुवातीला तिची परीक्षा घ्यायच्या. मुद्दाम बोटं फाकवायच्या, मॅडम डोकावतात का बघायच्या. ती डोकवायची नाही. मग पोरींचा विश्वास बसला, आणि पोरी लिहायला लागल्या. काय लिहीत ते मला ठाऊक नाही. पण मान खाली घालून बसणाऱ्या पोरी वर बघून बोलायला लागल्या, एवढं माझ्या गणिताच्या तासालाही कळलं. असा तिचा शिरस्ता कितीतरी वर्षं चालला.

शिवकांता त्या रांगेत आली तेव्हा नववीत होती. दोन कोसांवरच्या वाडीतून चालत यायची. बारीक, काळीसावळी, डाव्या भुवईवर लहानपणच्या पडण्याची खूण. गणितात बरी. उत्तर बरोबर आलं तरी "चुकलं असंल" म्हणायची. वडील मिस्त्रीच्या हाताखाली कामाला, वर्षातले सहा महिने हैदराबादला. आई दुसऱ्याच्या रानात. तिच्या वहीला तिनं कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं होतं, गुळगुळीत बाजू आत आणि पांढरी बाहेर.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. मी व्हरांड्यात सुमनताईच्या शेजारी हजेरीपट उघडून बसले होते. शिवकांताचा नंबर आला. तिनं वही उघडून ठेवली आणि पंजा ठेवला नाही. दोन्ही हात मागं बांधून उभी राहिली.

सुमनताई सही करायला वाकली, तिला अक्षरं दिसली असतील नसतील, तिनं झटकन मान फिरवली. "अगं, हात?"

शिवकांता तशीच उभी. हात मागंच.

तेव्हा सुमनताईनं स्वतःचा डावा पंजा त्या पानावर ठेवला. चांगला दाबून, कडेकडेनं झाकून. आणि उजव्या हातानं सही केली. मी म्हटलं, "ताई, तू तर कलेक्टर आला तरी वाचू द्यायची नाहीस!" आणि हसले. सुमनताईही हसली. शिवकांतानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, वही उचलली आणि वर्गात गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. पोरीनं हात ठेवला नाही, सुमनताईनं आपला ठेवला. "विसराळू झालीस," ती प्रेमानं म्हणाली.

तिसऱ्या दिवसापासून शिवकांता आली नाही. आठवडाभरानं कळलं, मामाच्या गावी गेली. मग कळलं, लग्न होऊन गेलं, तेलंगणात दिली. आमच्याकडं अशा बातम्या येतात, दोन दिवस स्टाफरूममध्ये हळहळ होते, मग हजेरीपटातल्या त्या नावावर लाल रेघ मारली जाते. ती रेघ मी मारली.

मधे दोन उन्हाळे उलटले. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. एक बाई स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. चपला बाहेर काढलेल्या, हातात कपड्याच्या दुकानाची कॅरीबॅग. म्हणाली, "पांचाळ मॅडम कोनत्या?"

शिवकांताची आई. सुमनताईनं तिला बसायला खुर्ची दिली, ती खाली बसली. मग सुमनताईही खाली बसली. त्या बाईनं कॅरीबॅगमधून वही काढली. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, पांढरी बाजू बाहेर.

"लेकरू गेलं मॅडम," ती म्हणाली. "बाळंतपणात. दोगं बी."

ती बाई रडली नाही. तिचं रडून झालं होतं बहुतेक. वही तिनं पदरानं पुसली आणि सुमनताईच्या पुढं ठेवली. "ही सासरी घिऊन गेली हुती. सामानात आली. मला काय वाचता येत न्हाई. पन पाना-पानाला तुमची हिरवी सही हाय. म्हनलं शाळंची वस्तू हाय, घरात कशाला ठिवावी. परत द्यावी."

सुमनताईनं वही हातात घेतली.

"काय लिव्हलंय मॅडम ह्यात?" बाईनं विचारलं. आणि सुमनताई काही बोलायच्या आतच स्वतःशी मान हलवून म्हणाली, "तुमाला तर समदं ठाव असंल म्हना. रोज सही करीत हुत्या."

मी सुमनताईचा चेहरा बघितला. तो चेहरा मला सांगता यायचा नाही.

बाई चहा न घेता गेली. सुमनताई खिडकीशी उभी राहिली आणि तिनं वही उघडली. नियम केल्यापासून पहिल्यांदा एखाद्या पोरीची रोजनिशी वाचली. मग ती वही तशीच उघडी माझ्यासमोर ठेवून बाहेर निघून गेली. मी वाचलं. निळी शाई, तिरपं अक्षर.

'आज मी हात ठेवणार नाही. मॅडमने वाचावं. बाबांनी सुपारी फोडली. पुढच्या शुक्रवारी लग्न आहे. मला दहावी करायची आहे. मॅडम घरी आल्या तर बाबा ऐकतील. बाबा मॅडमला लई मानतात. मला तोंडाने सांगता येत नाही म्हणून लिहिलं आहे.'

वर तारीख. तारखेला लागून हिरवी सही.

खाली, त्याच दिवशी नंतर लिहिलेलं: 'मॅडमने वाचलं नाही. मॅडम लई चांगल्या आहेत. दिलेला शब्द मोडत नाहीत. उद्या पण हात ठेवणार नाही.'

पुढच्या पानावर तारीख, हिरवी सही, आणि एकच ओळ. 'मॅडमने वाचावं.' तिच्या खाली, वेगळ्या पेनानं, 'आज पण मॅडमने त्यांचाच हात ठेवला.'

त्यापुढं कोरी पानं. सासरी नेली, पण तिथं एक अक्षर लिहिलं नव्हतं. सही करणारं कोणी नव्हतं ना.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत सुमनताई खिडकीशी बसली. तिला वारं लागायचं, तरी बसली. नांदेडच्या अलीकडं म्हणाली, "मी कपाट लई नीट बंद केलं गं. आत कोण हाय ते बघितलंच न्हाई."

मी तिची समजूत घातली. म्हटलं, ताई, नियम चांगलाच होता, तुला काय स्वप्न पडलं होतं का. ती म्हणाली, "नियम चांगला हुता. पोरगी बी चांगली हुती. म्हणून तर मेली." मग म्हणाली, "त्या ज्यू पोरीची वही जग वाचतंय. वाचावंच. पण मेल्यावर वाचणारे लई भेटतेत गणित. जितेपणी वाचणारा एक पाहिजे. तिला मिळाला न्हाई. हिला मी मिळाले हुते."

ती रडली नाही. मला वाटलं रडेल, मी रुमालही काढून ठेवला होता. ती नुसती बाहेर बघत राहिली.

मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, हे रोजनिशीचं प्रकरण आता बंद करा, नस्ती भानगड. सुमनताई त्यांना म्हणाली, "चूक लिहिण्यात न्हाई झाली सर. वाचण्यात झाली. लिहिणं कामून बंद करू?" दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात रांग लागली तेव्हा तिनं नियम बदलला. प्रत्येक पोरीला विचारायची, "हात ठेवतीस का काढतीस?" ठेवला तर सही. काढला तर ती तिथंच, उभ्या उभ्या, सगळं वाचायची, मग पहिल्या तासाची घंटा वाजो की दुसऱ्या. बहुतेक पोरी हात ठेवायच्या. पण रोज विचारायची. एकदाही विचारल्यावाचून सही केली नाही.

दोन वर्षांनी एकीनं हात काढला. सुमनताईनं वाचलं, पेन्सिल अंबाड्यात नीट खोचली आणि मला म्हणाली, "गणित, माझा तास घे." दुपारी ती त्या पोरीच्या घरी ओसरीवर जाऊन बसली. पोरीचा बाप चिडला, "आमच्या घरातलं तुमाला कोन सांगितलं?" ही म्हणाली, "कोणी सांगितलं न्हाई. मी वाचलं." बापानं चहा दिला, तिनं घेतला. आवाज चढवला, तिनं ऐकून घेतलं. कायद्याची भीती घातली, हातही जोडले. उठली मात्र नाही, बारावीपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही हे कबूल होईस्तोवर. ती पोरगी आज नर्स आहे. मी एकदा म्हटलं, ताई, बघ, ही तर वाचली. ती म्हणाली, "हाव. ही वाचली." आणि विषय बदलला. एकीनं दुसरीची जागा भरत नाही, हे मलाही तेव्हाच कळायला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर सुमनताई लातूरला मुलाकडं राहायला गेली. खालच्या मजल्यावर क्लासेस, वर यांचा फ्लॅट. दिवसभर जिन्यावर पाठीला सॅक लावलेल्या पोरी. फोनवर म्हणायची, "लई पोरी हायत इथं. कोणी कोणाशी बोलून न्हाई राहिल्या. समद्या तुझ्याच नादाच्या, गणितवाल्या." मग तिला मूत्रपिंडाचं दुखणं लागलं. आठवड्यातून दोनदा दवाखाना. गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, तिचा फोन आला. "अमुक तारखेला ये." ती तारीख मी इथं लिहीत नाही. वहीत आहे.

मी गेले. ती गॅलरीत खुर्चीवर बसली होती. निम्मी झालेली. हातावर सुयांचे काळे डाग. अंबाडा उरला नव्हता, केसांची शेपटी राहिली होती. पेन्सिल ब्लाउजमध्ये अडकवलेली. दुपारचे दोन वाजले होते. खाली कोणीतरी माईकवर रसायनशास्त्र शिकवत होतं.

"बस गणित," ती म्हणाली. "तिकडं वारं लागतंय, तिकडं तू बस."

मांडीवर शिवकांताची वही होती. तिनं ते पान उघडलं. मी चमकले. त्या तारखेच्या शेजारी पहिली हिरवी सही होती, आणि तिच्या खाली समासात दुसरी, तिसरी, चौथी, अशी रांगच. प्रत्येकीपुढं त्याच दिवसाची त्याच महिन्याची तारीख, फक्त साल पुढचं. ती दर वर्षी ते पान वाचत होती आणि सही करत होती. नुसतं तेच पान नव्हे. तिनं मला पानं उलटून दाखवली. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत शिवकांतानं ज्या ज्या दिवशी लिहिलं, त्या त्या दिवशी सुमनताईनं दर वर्षी वाचलं होतं. शेळीला पिल्लू झालं तो दिवस. गणितात वीसपैकी अठरा मार्क पडले आणि मी शाबासकी दिली तो दिवस. मला तो आठवतही नव्हता.

"वाच," ती म्हणाली. "माझे डोळे आता पुरत न्हाईत."

मी मोठ्यानं वाचलं. 'आज मी हात ठेवणार नाही.' तिथपासून 'दिलेला शब्द मोडत नाहीत' पर्यंत. तिनं दोन्ही हात मागं घेतले होते, खुर्चीच्या पाठीमागं. सगळं ऐकेपर्यंत तिनं ते पुढं आणले नाहीत. मग हिरवं पेन मागितलं. तारीख टाकली, हळूहळू, एकेक आकडा. सही केली. आणि पेन माझ्याकडं केलं.

"तू बी कर."

"मी कशाला ताई? मी काय तिची…"

"तू तिथं हुतीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू हसली हुतीस. मी बी हसले हुते. कर सही."

मी सही केली.

आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्यानं, भसाड्या आवाजात, तोंडावर पदरही न घेता. खालचा माईक मध्येच थांबला, कोणीतरी वर बघितलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळानं ती नाक पुसत म्हणाली, "आधी तारीख टाकली. बघितलंस ना?"

"बघितलं ताई."

"बास मग."

निघाले तेव्हा पायऱ्यांवरून क्लास सुटलेल्या पोरींची गर्दी उतरत होती. मी रस्त्यावर आले, रिक्षाला हात केला आणि वर बघितलं. सुमनताई गॅलरीच्या कठड्यावर वाकून त्या पोरींकडं बघत होती, एकेकीच्या तोंडाकडं. मी दिसले तशी ओरडली, "ए गणित! गाडी मिळाली की फोन कर गं!" सगळ्या पोरी माना वर करून तिच्याकडं बघायला लागल्या. ती त्यांच्याकडं बघून हसली. तेच माझं तिला शेवटचं बघणं.

ती गेली या उन्हाळ्यात. मुलानं कुरियरनं एक पाकीट पाठवलं. वही, आणि चपटी लाल पेन्सिल. बरोबर त्याची चिठ्ठी: आई म्हणाली होती, हे गणितला द्या; गणित म्हणजे तुम्हीच ना?

होय. मीच.

त्या पानाच्या समासात अजून तीन-चार सह्यांची जागा आहे. पुढं माझं काय होईल माहीत नाही, पण जागा आहे तोवर मी आहे. आज ती तारीख. सकाळी पान उघडलं, हात मागं घेतले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

तारीख टाकली आहे, ताई.